केशरी रंगाची कुळकथा : कॅरोटीन, आपला प्रसाद आणि डब्यावरची बारीक अक्षरे

उत्सव म्हटला की रंग आलाच. गणपतीपुढचा केशरी बुंदीचा लाडू, सत्यनारायणाच्या प्रसादाचा केशर घातलेला शिरा, दसऱ्याचे झेंडूचे तोरण, दिवाळीच्या फराळातली सोनेरी शेव. आपल्या सणांचा रंग पिवळ्या आणि भगव्या यांच्या मधला कुठलातरी असतो. भारतात असताना हा रंग कुठून येतो याचा विचार फारसा कोणी करत नाही. परदेशी आल्यावर मात्र मिठाईच्या खोक्यावरची बारीक अक्षरे वाचायची सवय लागते. 'यलो फाइव्ह', 'बीटा कॅरोटीन', 'अनाटो', 'कलर ॲडेड'... मग प्रश्न पडतात. यातले काय चांगले, काय टाळावे? 'नॅचरल' लिहिले म्हणजे निश्चिंत व्हावे का? आणि मंदिरात नैवेद्याला ठेवायचा पदार्थ खरोखर शाकाहारी आहे, हे कशावरून ठरवायचे?

गेल्या काही वर्षांत हा विषय अमेरिकेत पुन्हा ऐरणीवर आला आहे. जानेवारी २०२५ मध्ये इथल्या फूड अँड ड्रग ॲडमिनिस्ट्रेशनने (यापुढे एफडीए म्हणू) 'रेड थ्री' या लाल रंगाची खाद्यपदार्थांतली परवानगी काढून घेतली आणि कंपन्यांना १५ जानेवारी २०२७ पर्यंतची मुदत दिली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पेट्रोलियमपासून बनणारे सहा रंग २०२६ अखेरपर्यंत कंपन्यांनी आपणहून सोडावेत, असे आवाहन सरकारने केले. साहजिकच निसर्गातून मिळणाऱ्या रंगांकडे सर्वांचे लक्ष वळले. त्यातला आपल्या सर्वांत जवळचा रंग म्हणजे कॅरोटीन. त्याची ओळख करून घेऊ आणि मग कायदा काय म्हणतो ते पाहू.

कॅरोटीन म्हणजे काय?

१८३१ साली वाकेनरोडर या जर्मन शास्त्रज्ञाने गाजरातून एक केशरी रंगाचा पदार्थ वेगळा केला. गाजराचे लॅटिन नाव 'करोटा', त्यावरून त्याने याचे नाव ठेवले कॅरोटीन. पुढे १९०७ साली विलस्टेटर याने त्याचे सूत्र निश्चित केले : ४० कार्बन आणि ५६ हायड्रोजन, बाकी काही नाही. या अणूंची नेमकी मांडणी स्विस रसायनशास्त्रज्ञ पॉल कॅरर याने १९३० च्या सुमारास उलगडली. या आणि जीवनसत्त्वांवरील इतर कामासाठी त्याला १९३७ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

कॅरोटीनचा रेणू म्हणजे एक लांब साखळी. तिच्यात कार्बनचे एकेरी आणि दुहेरी बंध आलटून पालटून येतात. बीटा कॅरोटीनमध्ये असे अकरा दुहेरी बंध एका ओळीत असतात. ही साखळी प्रकाशातला निळा भाग शोषून घेते. पांढऱ्या प्रकाशातून निळा वजा झाला की डोळ्यांना उरतो तो पिवळा-केशरी. साखळी लांब असेल तर रंग तांबूस होतो, आखूड असेल तर फिका पिवळा.

या घराण्यात सहाशेहून अधिक रंगद्रव्ये आहेत. सर्वांना मिळून 'कॅरोटिनॉइड' म्हणतात. गाजर, हापूस आंबा, लाल भोपळा आणि केशरी रताळे यांत मुख्यतः बीटा कॅरोटीन, टोमॅटो आणि कलिंगडात लायकोपीन, झेंडूत ल्युटिन, लाल मिरचीत कॅप्सँथिन, केशरात क्रोसिन. म्हणजे दसऱ्याचे तोरण आणि मिसळीवरची तर्री ही दोन्ही एकाच घराण्यातली!

पालक, मेथी, अळूची पाने यांतही कॅरोटीन भरपूर असते, पण हिरव्या हरितद्रव्याखाली ते झाकलेले असते. आपण अमेरिकेत राहणाऱ्यांना याचा पुरावा दर वर्षी दिसतो. ऑक्टोबरमध्ये थंडी पडू लागली की झाडे हरितद्रव्य मोडून टाकतात आणि पानांत आधीपासून असलेला पिवळा-नारिंगी रंग उघडा पडतो. 'फॉल कलर्स' पाहायला आपण मुलांना घेऊन जातो, ते खरे म्हणजे कॅरोटिनॉइडचे प्रदर्शनच. (मेपलचा लालभडक रंग मात्र वेगळ्या घराण्यातला आहे. तो पान थंडीच्या सुरुवातीला नव्याने तयार करते.)

गाईचे तूप पिवळे, म्हशीचे पांढरे का?

आपल्या आज्यांना ठाऊक असलेली ही गोष्ट कॅरोटीनचा उत्तम धडा आहे. गाय आणि म्हैस एकाच कुरणात चरल्या तरी गाईचे लोणी पिवळसर आणि म्हशीचे पांढरेशुभ्र. हिरव्या चाऱ्यातले कॅरोटीन दोघींच्याही पोटात जाते. म्हैस जवळजवळ सगळ्याचे 'अ' जीवनसत्त्व करून टाकते आणि 'अ' जीवनसत्त्वाला रंग नसतो. गाय काही कॅरोटीन तसेच दुधाच्या स्निग्धांशात उतरवते. त्यामुळे म्हशीचे तूप पांढरे म्हणून कमी प्रतीचे, हा समज चुकीचा आहे. फरक फक्त इतकाच की एकीने रंग बदलून दिला आणि दुसरीने थोडा तसाच ठेवला.

कॅरोटीनपासून शरीरात 'अ' जीवनसत्त्व बनते, हे केंब्रिजच्या थॉमस मूर याने १९३० च्या सुमारास उंदरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले. माणसातही असेच होते. मात्र हिशोब सरळ एकास एक नाही. अन्नातल्या १२ मायक्रोग्रॅम बीटा कॅरोटीनमागे साधारण १ मायक्रोग्रॅम 'अ' जीवनसत्त्व धरतात. शरीर गरजेपुरतेच रूपांतर करते, त्यामुळे गाजरे खाऊन 'अ' जीवनसत्त्वाची विषबाधा होत नाही. एखादे बाळ रोज गाजर-भोपळ्याची पेज खात असेल तर त्याचे तळवे पिवळसर दिसू लागतात. आई घाबरते, कावीळ तर नाही ना! अशा वेळी डोळ्यांचा पांढरा भाग पाहावा. कावीळ असेल तर तो पिवळा होतो, कॅरोटीनने होत नाही. शंका असेल तर अर्थातच डॉक्टरांना दाखवावे.

आणखी एक महत्त्वाचा गुण. कॅरोटीन पाण्यात विरघळत नाही, तेला-तुपात विरघळते. मिसळीवर लाल तवंग येतो तो म्हणूनच. गाजराच्या हलव्यातून सुटलेले तूप केशरी असते तेही त्यामुळेच. थोड्या स्निग्धाबरोबर खाल्ले तर ते अंगीही जास्त लागते. पालेभाजीला फोडणी देण्याची आपली पद्धत आहारशास्त्राच्या दृष्टीनेही शहाणपणाची आहे.

प्रत्येक पिवळे कॅरोटीन नव्हे

इथे थोडा गोंधळ होतो म्हणून स्पष्ट करते.

हळद : हिचा रंग कर्क्युमिनचा. ते कॅरोटिनॉइड नव्हे. हळदीचा रंग उन्हात उडतो आणि चुन्यासारख्या पदार्थाने लाल होतो. हळदीपासून कुंकू करतात ते याच गुणामुळे. कॅरोटीन मात्र आंबट पदार्थात रंग पालटत नाही.

केशर : याचे क्रोसिन हे कॅरोटिनॉइड घराण्यातले, पण त्याच्या दोन्ही टोकांना साखरेचे रेणू जोडलेले असतात. म्हणून घराण्याच्या रीतीविरुद्ध ते पाण्यात आणि दुधात सहज उतरते.

अनाटो : आपल्याकडे या झाडाला शेंदरी म्हणतात. मूळ अमेरिका खंडातले. याच्या बियांवरच्या तांबड्या आवरणातून रंग काढतात. इथल्या चेडर चीजचा केशरी रंग बहुधा याचाच. हाही त्याच घराण्यातला, पण यापासून 'अ' जीवनसत्त्व मिळत नाही.

मेटॅनिल यलो : हा डांबरी रंग. खाण्यात घालायला भारतातही बंदी आहे आणि इथेही परवानगी नाही. तरीही भारतात बिनमार्का लाडू, जिलबी, हळद यांत तो पूर्वापार सापडत आला आहे.

लेड क्रोमेट : हा तर शिशाचा पिवळा रंग. हळद चमकदार दिसावी म्हणून काही ठिकाणी तो मिसळल्याचे आढळले आहे. शिसे लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. सुटी, बिनलेबलची हळद गावाहून आणण्याचा मोह होतो, पण तिची चाचणी झालेली नसते हे लक्षात ठेवावे. हळदीचा फार भडक पिवळा रंग हे चांगल्या प्रतीचे लक्षण मानू नये.

रंगावरून भांडणे : मार्गारीन आणि वनस्पती

रंग घालण्याचा कायदा मुळात आरोग्यासाठी झाला असे आपल्याला वाटते. खरे तर त्याच्या मुळाशी फसवणुकीची भीतीही तितकीच होती. एकोणिसाव्या शतकात लोण्याला पर्याय म्हणून मार्गारीन निघाले. ते मूळचे पांढरट. पिवळा रंग घातला की लोणीच वाटे. गवळी आणि लोणी बनवणारे चिडले. अमेरिकेच्या काँग्रेसने १८८६ साली मार्गारीनवर कर बसवला. १९०२ साली रंगवलेल्या मार्गारीनवर पौंडाला १० सेंट आणि बिनरंगी मार्गारीनवर फक्त पाव सेंट असा कर झाला. मग कंपन्या पांढरे मार्गारीन आणि सोबत रंगाची पुडी देऊ लागल्या. गृहिणी घरी हाताने रंग कालवत! हा केंद्रीय कर १९५० मध्ये रद्द झाला. विस्कॉन्सिन या दुधाच्या राज्याने तर रंगीत मार्गारीनवरची बंदी १९६७ पर्यंत टिकवली. पुढे मार्गारीनला पिवळेपणा देण्यासाठी बीटा कॅरोटीन सर्रास वापरात आले.

भारतात हीच गोष्ट वनस्पती तुपाची झाली. डालडाचा पिवळा डबा आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. साजूक तुपात वनस्पती मिसळून विकणे ही जुनी चोरी. ती पकडता यावी म्हणून कायद्याने वनस्पतीत किमान ५ टक्के तिळाचे तेल घालण्याचे बंधन घातले, कारण तिळाचे तेल एका साध्या रासायनिक चाचणीत गुलाबी रंग देऊन स्वतःला उघडे करते. शिवाय तुपासारखा दिसेल असा रंग वनस्पतीत कोणत्याही परिस्थितीत घालायचा नाही, असाही नियम केला. म्हणजे तोच पिवळा रंग एका डब्यात निर्दोष आणि दुसऱ्या डब्यात लबाडी! रंग विषारी नसला तरी तो खोटे बोलत असेल तर कायदा आडवा येतो.

अमेरिकेचा कायदा काय सांगतो?

१९५० साली हॅलोवीनच्या नारिंगी गोळ्या खाऊन मुले आजारी पडली. त्यात 'ऑरेंज वन' हा तेव्हा परवानगी असलेला रंग होता. त्यानंतर रंगांची नव्याने तपासणी सुरू झाली आणि १९६० साली रंगांविषयीची दुरुस्ती कायद्यात आली. तिचे सूत्र सोपे आहे : एफडीएने आधी परवानगी दिल्याशिवाय कोणताही रंग अन्नात घालता येत नाही. ज्या रंगाने माणसात किंवा प्राण्यांत कर्करोग होतो असे दिसले, त्याला परवानगी मिळू शकत नाही. 'रेड थ्री' याच कलमाखाली गेला. नर उंदरांत त्याने कर्करोग होतो असे दिसले होते.

या कायद्यात रंगांचे दोन वर्ग आहेत. पहिला, ज्यांची प्रत्येक खेप एफडीएकडून तपासून प्रमाणित करावी लागते. 'यलो फाइव्ह', 'यलो सिक्स', 'रेड फॉर्टी' हे यातले. दुसरा, ज्यांना या खेपनिहाय प्रमाणपत्रातून सूट आहे. बीटा कॅरोटीन, हळद, केशर, अनाटो, बीट, गाजराचे तेल हे या दुसऱ्या वर्गातले. लोक ज्यांना 'नैसर्गिक रंग' म्हणतात ते बहुधा हेच. पण कायद्यात 'नैसर्गिक रंग' नावाचा वर्गच नाही!

आणि इथेच खरी गंमत आहे. १९५० साली शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत बीटा कॅरोटीन तयार करून दाखवले आणि त्या दशकातच त्याचे कारखाने सुरू झाले. कारखान्यातला रेणू आणि गाजरातला रेणू यांत फरक नाही. त्यामुळे एफडीएच्या नियमात बीटा कॅरोटीन कृत्रिमरीत्या बनवलेले असो वा निसर्गातून काढलेले, दोन्ही एकाच कलमात बसतात. शुद्धता किती असावी आणि शिसे, आर्सेनिक जास्तीत जास्त किती चालेल ते ठरवून दिले आहे. किती घालायचे यावर आकडा नाही. चांगल्या उत्पादनपद्धतीला आवश्यक तितके, एवढेच म्हटले आहे.

भारताचा नियम तर याहून स्पष्ट आहे. तिथे 'नैसर्गिक रंगां'च्या यादीच्या वरच लिहिले आहे की हे रंग निसर्गातून काढलेले असोत किंवा कृत्रिमरीत्या तयार केलेले असोत, चालतील. म्हणजे भारतातून आलेल्या पाकिटावर 'परमिटेड नॅचरल कलर' असे असले, तरी आतले कॅरोटीन गाजराचेच असेल असे नाही.

युरोपात आणि ब्रिटनमध्ये ही माहिती जास्त बारकाईने दिलेली असते. तिथे कॅरोटीनचा क्रमांक ई १६०ए. त्याचे चार पोटप्रकार आहेत : पहिला कृत्रिम बीटा कॅरोटीन, दुसरा वनस्पतींपासून काढलेले, तिसरा एका बुरशीपासून मिळवलेले आणि चौथा खाऱ्या पाण्यातल्या शेवाळापासून मिळवलेले. भारतीय पाकिटांवर हाच क्रमांक 'आयएनएस १६०ए' असा येतो. त्याच्या पुढचा १६०बी म्हणजे अनाटो, १६०सी म्हणजे लाल मिरचीचा अर्क आणि १६०डी म्हणजे लायकोपीन.

ब्रिटनमध्ये साउदम्प्टन विद्यापीठाने २००७ साली मुलांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. काही कृत्रिम रंग आणि सोडियम बेंझोएट यांच्या मिश्रणाने मुलांची चंचलता वाढते असे त्यात दिसले. त्यानंतर जुलै २०१० पासून युरोपीय महासंघात सहा रंगांच्या पदार्थांवर मुलांच्या वागण्यावर व लक्षावर परिणाम होऊ शकतो अशी सूचना छापणे सक्तीचे झाले. त्यातले तीन (१०२, ११० आणि १२९) इथे 'यलो फाइव्ह', 'यलो सिक्स' आणि 'रेड फॉर्टी' या नावांनी मिळतात. कॅरोटीन त्या सहांमध्ये नाही.

गावाहून आलेली मिठाई

एक उपयोगाची गोष्ट. भारतात चालणारे सगळे रंग अमेरिकेत चालत नाहीत. कार्मोइसिन (१२२) आणि पॉन्सो फोर आर (१२४) हे दोन लाल रंग भारतात परवानगी असलेले, पण अमेरिकेत खाण्यासाठी परवानगी नसलेले. सरबते, रंगीत बडीशेप, जेली यांवर हे आकडे हमखास सापडतात. परवानगी नसलेल्या किंवा लेबलवर न लिहिलेल्या रंगाचा माल एफडीए बंदरावरच अडवून ठेवू शकते. उत्सवासाठी कोणी मोठ्या प्रमाणावर मिठाई मागवणार असेल तर ऑर्डर देण्याआधी लेबलचा फोटो मागवून पाहावा. सणाच्या आदल्या दिवशी माल अडकला तर धावपळ आपलीच होते.

कॅरोटीन पूर्ण निर्धोक आहे का?

अन्नातले आणि रंगासाठी वापरलेले कॅरोटीन निर्धोक मानले जाते. पण गोळ्यांची गोष्ट वेगळी आहे आणि ती सांगितली पाहिजे.

भाज्या-फळे जास्त खाणाऱ्यांत कर्करोग कमी आढळतो, म्हणून कॅरोटीनच्या गोळ्या दिल्या तर फायदा होईल असे १९८० च्या दशकात वाटत होते. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठा अभ्यास झाला. त्यातल्या काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन दिले. १९९४ साली निष्कर्ष आला तो धक्कादायक होता : गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त! अमेरिकेत धूम्रपान करणारे, ते सोडलेले आणि ॲस्बेस्टॉसमध्ये काम केलेले अशा १८ हजारांहून अधिक लोकांवर ३० मिलिग्रॅम कॅरोटीन आणि 'अ' जीवनसत्त्व देऊन अभ्यास चालू होता. त्यातही २८ टक्के वाढ दिसली आणि १९९६ च्या जानेवारीत तो ठरल्यापेक्षा २१ महिने आधीच थांबवला गेला.

याचा अर्थ गाजर वाईट असा नाही. १०० ग्रॅम कच्च्या गाजरात सुमारे ८ मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन असते, पण ते तंतूंत अडकलेले असते, हळूहळू आणि थोडेच रक्तात जाते. गोळीतले झटकन आणि भरपूर जाते. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१२ साली सर्व पुरावा पाहून असे म्हटले की रंग म्हणून आणि पूरक म्हणून मिळून दिवसाला १५ मिलिग्रॅमपेक्षा कमी कॅरोटीन पोटात गेले तर काळजीचे कारण नाही, अगदी जास्त धूम्रपान करणाऱ्यांनाही. रंगासाठी किलोमागे काही मिलिग्रॅमच लागते, त्यामुळे लाडवा-बर्फीतून ही मर्यादा गाठणे कठीण.

घरातल्या आजोबांसाठी मात्र एक सूचना. डोळ्यांच्या मागच्या पडद्याच्या विकारासाठी दिल्या जाणाऱ्या जीवनसत्त्वाच्या जुन्या मिश्रणात बीटा कॅरोटीन भरपूर असे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानंतर त्याऐवजी ल्युटिन आणि झिॲक्सँथिन घालणे योग्य मानले जाते. ज्यांनी कधीकाळी धूम्रपान केले असेल त्यांनी आपल्या बाटलीवरचे लेबल डॉक्टरांना दाखवावे.

शाकाहाराचा प्रश्न

आता मंदिराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. कॅरोटीन स्वतः शाकाहारीच. पण ते पाण्यात विरघळत नाही, हे आपण पाहिले. मग सरबतात किंवा जेलीत ते कसे घालणार? त्यासाठी कॅरोटीनचे अतिसूक्ष्म कण एखाद्या पदार्थात गुंडाळून त्याची भुकटी करतात. गुंडाळायला वापरला जाणारा पदार्थ कधी स्टार्च असतो, कधी डिंक आणि कधी जिलेटिन. जिलेटिन प्राण्यांच्या किंवा माशांच्या हाडा-कातड्यांपासून बनते. अशा सहायक पदार्थाचे प्रमाण अगदी थोडे असते आणि अंतिम पदार्थात त्याचे काही काम उरत नाही, म्हणून तो लेबलवर येईलच असे नाही.

भारतात पाकिटावर हिरवी खूण असते. इथे तशी सक्तीची खूण नाही. कोशरची खूण म्हणजे शाकाहारी, असेही समजू नये, कारण कोशर 'पारेव्ह' पदार्थात मासे किंवा अंडी चालतात. 'व्हीगन' असे स्पष्ट लिहिलेले असेल तर बरे. नसेल तर कंपनीला सरळ विचारावे : 'तुमच्या बीटा कॅरोटीनमध्ये जिलेटिन आहे का?' उत्तर मिळाले नाही तर तो पदार्थ नैवेद्यासाठी घेऊ नये, इतके साधे धोरण ठेवता येईल.

'नैसर्गिक' शब्दाच्या मर्यादा दाखवणारे दुसरे उदाहरण म्हणजे कारमाइन. हा सुंदर लाल-गुलाबी रंग अगदी शंभर टक्के नैसर्गिक आहे, कारण तो किड्यांपासून काढतात! पूर्वी तो 'कलर ॲडेड' या शब्दांत लपून जाई. जानेवारी २०११ पासून एफडीएने त्याचे नाव लेबलवर लिहिणे सक्तीचे केले. गुलाबी दही, आइसक्रीम घेताना हा शब्द जरूर शोधावा.

लेबल कसे वाचावे?

१. 'कलर ॲडेड' किंवा 'कलर्ड विथ...' यापुढचे नाव वाचा. 'यलो फाइव्ह' हे नाव लिहावेच लागते, कारण काहींना त्याने अंगावर पित्त उठते.

२. 'नो आर्टिफिशियल कलर्स' म्हणजे रंग घातलाच नाही असे नव्हे.

३. लोणी, चीज आणि आइसक्रीम यांना रंग जाहीर करण्याच्या नियमातून अमेरिकेत १९३८ च्या कायद्यापासून सवलत आहे. या तिन्हींचा पिवळेपणा गवताचा आहे की बाटलीचा, हे लेबलवरून कळेलच असे नाही.

४. भारतीय पाकिटावर आकडे पाहा : १०० हळद, १६०ए कॅरोटीन, १६०बी अनाटो. १०२, ११०, १२२, १२४ आणि १२७ हे कृत्रिम.

५. लेबलच नसेल तर शंका घ्या.

आपल्या स्वयंपाकघरात

प्रसादासाठी रंग हवाच असेल तर तो घरी करता येतो. एक वाटी साजूक तुपात एक मध्यम गाजर बारीक किसून घालावे. अगदी मंद आचेवर ठेवावे. किसातले पाणी आटून बुडबुडे थांबले की आच बंद करावी. किस करपू देऊ नये. गाळून घेतले की केशरी तूप तयार. पाण्याचा अंश राहिला तर तूप टिकत नाही, म्हणून घाई करू नये. हे तूप बेसन लाडू, शिरा, मुगाचा हलवा यांना सुरेख रंग देते. हवा आणि उजेड यांनी कॅरोटीनचा रंग उडतो, तेव्हा झाकणाच्या गडद बरणीत ठेवून लवकर संपवावे.

साखरभातासाठी केशर कोमट दुधात भिजत घालावे, कारण ते पाण्या-दुधात उतरते. श्रीखंड आंबट असले तरी आंब्याच्या रसाने आलेला रंग टिकतो. घारगे तर मुळातच लाल भोपळ्याचे, त्यांना वेगळ्या रंगाची गरज नाही. उपासाला इथली केशरी रताळी घेतली तर रंगही मिळतो आणि कॅरोटीनही. पांढऱ्या रताळ्यात ते फारच कमी असते. मुलांना दाखवायचे असेल तर दोन वाट्या घ्या. एकीत कोमट पाणी, दुसरीत कोमट तेल. दोन्हींत लाल तिखट टाकून थोडा वेळ तसेच राहू द्या. तेल नितळ लाल होते, पाणी गढूळ पण फिकेच राहते. पुस्तकातले एक पान वाचण्यापेक्षा हे जास्त लक्षात राहते.

शेवटी

कॅरोटीनची ही कथा आपल्याला काय शिकवते? 'नैसर्गिक' म्हणजे चांगले आणि 'कृत्रिम' म्हणजे वाईट, इतकी सोपी वाटणी नाही. कारखान्यातले बीटा कॅरोटीन गाजरातल्यासारखेच असते आणि अस्सल नैसर्गिक कारमाइन आपल्याला नैवेद्याला चालत नाही. गाजरातले कॅरोटीन पोषक, पण त्याचीच मोठी गोळी धूम्रपान करणाऱ्याला घातक. तेव्हा प्रश्न चार विचारावेत : हे काय आहे, कुठून आले, कशात मिसळले आणि किती आहे?

आणि एक प्रश्न स्वतःलाही विचारावा. लाडू इतका भडक हवाच का? बेसन खमंग भाजले की लाडवाला आपला रंग येतोच. आपल्या मुलांची जीभ आणि नजर लहानपणीच तयार होते. आज त्यांनी मंदिरात फिक्या, खऱ्या रंगाचा प्रसाद खाल्ला, तर उद्या दुकानातला झगझगीत पिवळा पाहून तीच आपल्याला विचारतील, 'आई, यात काय घातलंय?' तो प्रश्न त्यांच्या तोंडी आला की आपले काम झाले.

सर्वांना उत्सवाच्या हार्दिक शुभेच्छा!